माशासारखी शीर

परळीच्या वैजनाथाची जी कथा तेथील क्षेत्रोपाध्ये यात्रेकरूंना पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, तिच्यात समुद्रमंथनातून निघालेली धन्वंतरी आणि अमृत ही दोन रत्ने विष्णूने असुरांच्या दृष्टीआड करण्यासाठी शिवलिंगात दडविली, असुरांनी लिंगाला हात घालताच त्यातून ज्वाळा उसळल्या, आणि भक्तांनी त्याच लिंगाला स्पर्श करताच त्यातून अमृताची धार वाहू लागली, असा वृत्तान्त येतो. म्हणून हे वैद्यनाथाचे स्थान, आणि म्हणूनच येथे भाविकाला लिंगाला प्रत्यक्ष हात लावून दर्शन घेण्याची मुभा आहे, असे सांगतात. वैद्यनाथ हे नाव झारखंडातील देवघरचे लोक आपल्याकडे ओढतात. त्या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही. कथेतली जी गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते ती निराळीच आहे. अमृत आणि आग ही दोन्ही एकाच जागी होती, आणि कोणते हाती लागेल हे हात लावणारावर अवलंबून होते.

परळीहून सुमारे २५ किलोमीटरांवर अंबाजोगाई आहे. तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कोणत्याही दिवशी कोणत्याही कक्षात पाऊल टाकले, तर खाटेजवळ एक लोखंडी दांडी, दांडीला बाटली, बाटलीतून उतरणारी नळी आणि नळीच्या टोकाशी पांढऱ्या चिकटपट्टीखाली झाकलेला रुग्णाचा हात, हे दृश्य नजरेला पडते. सुई नीट बसली आणि नीट राखली गेली, तर तिच्या वाटेने औषध, मीठपाणी, साखरपाणी आणि प्रसंगी परक्याचे रक्त शरीरात जाऊन मरणाच्या दारातला मनुष्य माघारी येतो. आणि ती नीट बसली नाही, किंवा बसवून विसरली गेली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शीर ठणकू लागते, तिच्या वाटेवरची कातडी तापते, हात सुजतो, आणि बोटाने चाचपले असता कातडीखाली दोरी ताणून धरावी तशी ती कडक लागते. वैद्यकाच्या परिभाषेत हा शिराशोथ. कक्षातल्या परिचारिका त्याला फ्लेबायटिस म्हणतात, नातेवाईक ‘सलाईननं हात सुजला’ म्हणतात, आणि खेड्यातली म्हातारी माणसे ‘शीर दुखावली’ एवढेच म्हणून गप्प बसतात. रोगांनी दिलेल्या दुखण्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. उपचाराने दिलेल्या या दुखण्याचा, आणि तोही बीडसारख्या आडवाटेच्या जिल्ह्याच्या अनुषंगाने, मागोवा घ्यावा असे मनात येऊन बरेच दिवस झाले होते.

शीर टोचण्याचा व्यवसाय सलाईनच्या बाटलीहून फार प्राचीन आहे. मात्र पूर्वी शीर उघडली जायची ती काही आत घालण्यासाठी नव्हे, काढून घेण्यासाठी. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय सर्वस्वी शिरावेधाला वाहिलेला असून, कायचिकित्सेत जे स्थान बस्तीचे तेच शल्यतंत्रात शिरावेधाचे, म्हणजे ती अर्धी चिकित्साच होय, असे तिचे मोल तेथे ठरविलेले आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात शरीरातील ७०० शिरांची गणना करून त्यांपैकी ९८ शिरांना शस्त्र लावू नये असा निर्बंध घातलेला आढळतो. शस्त्र किती खोल जावे याचे मापही धान्याच्या दाण्याचे आहे: मांसल जागी यवाएवढे, अन्यत्र त्याहून कमी. पण या अध्यायातील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे चुकांची यादी. शिरावेध बिघडण्याचे २० प्रकार सुश्रुताने नावानिशी नोंदविले आहेत. त्यांत दुर्विद्धा आहे, अतिविद्धा आहे, चेंगरलेली ती पिच्चिता, तिरप्या शस्त्राने विंधलेली ती तिर्यग्विद्धा, आणि पुन्हा पुन्हा भोसकलेली ती पुनःपुनर्विद्धा. हा शेवटचा शब्द वाचताना, आपल्या माणसाच्या हातावर चौथ्यांदा सुई जाताना ज्याला उशाशी उभे राहून पाहावे लागले आहे, त्याच्या अंगावर काटा आल्यावाचून राहत नाही. चुकांची इतकी बारीक वर्गवारी ग्रंथ वाचून होत नसते. शस्त्र चालविल्यानंतरही जो त्या हातापाशी बसून राहिला, त्यालाच ती करता येते.

त्याच अध्यायात सुश्रुताने एक कबुली दिलेली आहे. शिरांच्या बाबतीत पुरता शिकलेला असा कोणीच नाही, कारण त्या स्वभावतःच चंचल असून माशांसारख्या इकडून तिकडे वळतात, तेव्हा त्यांचा वेध यत्नपूर्वक करावा, असा त्या वचनाचा आशय आहे. आज अंबाजोगाईच्या काय किंवा बीडच्या काय, कोणत्याही कक्षात नवशिक्या परिचारिकेच्या हातून सुई चुकली, की तिच्या शेजारी उभी असलेली अनुभवी सिस्टर ‘शीर पळती आहे, खालून धर’ असे म्हणून अंगठ्याने कातडी ताणून धरते. त्या सिस्टरने संहिता वाचलेली असण्याचे कारण नाही. मासा मात्र तोच आहे.

संहितेतला शिरावेध राजवैद्यांचा. सामान्य रयतेच्या वाट्याला आल्या त्या जळवा, तुंबडी आणि फासण्या. गुडघा सुजला, डोके ठणकले, गळू पिकेना, की न्हाव्याकडून फासण्या मारवून घ्यायच्या, वर तुंबडी लावायची आणि काळे रक्त निघून गेले म्हणजे उतार पडला असे मानायचे, हा परिपाठ मराठी मुलखात शतकानुशतके चालत आला. तुंबडी लावणे हा शब्दप्रयोग दुसऱ्याला शोषून घेण्याच्या अर्थाने भाषेत राहून गेला, यावरून त्या उपचारासंबंधी रयतेचे अंतिम मत काय झाले असावे याचा तर्क करता येतो. हे वेड आपलेच होते असे मात्र कोणी समजू नये. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने सुमारे ४ कोटी १५ लाख जळवा परदेशांतून मागविल्या होत्या.

बीडचा मुलूख अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली होता, आणि त्या अमदानीत जिल्ह्याचा कारभार जसा अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून फारसी-उर्दू दफ्तरात चालत असे, तसाच औषधोपचाराचाही एक प्रवाह हकिमांच्या यूनानी परंपरेतून वाहत आला. हैदराबादेत मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९५ मध्ये दारुश्शिफा बांधविला तेव्हापासूनची ती परंपरा होती आणि तिचा मूलग्रंथ इब्न सीनाचा कानून. यूनानी वैद्यकात शीर उघडण्याला फस्द म्हणतात, आणि फस्दसाठी कोपराच्या खोबणीतील ज्या शिरा सांगितल्या आहेत त्यांत बासलीक, कीफाल आणि अकहल ही नावे प्रमुख. कानूनची लॅटिन भाषांतरे युरोपात पोहोचली तेव्हा ही नावेही त्यांच्याबरोबर गेली, आणि आज अंबाजोगाईच्या शरीररचनाशास्त्राच्या दालनात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दंडाच्या आतल्या बाजूची ती बॅसिलिक आणि बाहेरच्या बाजूची ती सेफॅलिक असे घोकतो, तेव्हा तो नकळत बासलीक आणि कीफाल यांचाच उच्चार करीत असतो. निजामाच्या राज्यातल्या हकिमाला हा विद्यार्थी फारसा परका वाटला नसता. दोघांनीही प्रथम दंडाला पट्टी आवळली असती, रुग्णाला मूठ मिटायला सांगितले असते, आणि मग तर्जनीने शीर चाचपली असती.

त्या काळी अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद होते, आणि विवेकसिंधूच्या मुकुंदराजांचे व पासोडीवर लिहिणाऱ्या दासोपंतांचे हे गाव हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी म्हणूनही प्रसिद्ध होते. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाले. घोडदळ म्हटले की सलोत्री आलाच. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावाचा हा फारसी वळणाचा अपभ्रंश लष्कराच्या कागदोपत्री पुष्कळ वर्षे टिकला. घोड्याच्या मानेची शीर तोडणे हा जुन्या अश्ववैद्यांचा जगभर नित्याचा उपचार होता, आणि शिराशोथाचे आधुनिक ज्ञान ज्या निरीक्षणांपासून सुरू झाले त्यांत घोड्यांचा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने शिरांच्या आतल्या अस्तराच्या दाहावर जो निबंध लिहिला, तो १७९३ मध्ये छापला गेला. माणसांचे आणि घोड्यांचे रक्त काढल्यानंतर जखम न भरता शीरच सुजते, तिच्यात पू होतो, आणि तो दाह हृदयाच्या दिशेने चढत जाऊन प्राण घेतो, हे त्याने शवे उघडून पाहिले होते. तोवर असे मृत्यू मूळ रोगाच्या खात्यावर टाकले जात. उपचाराच्या सुईने माणूस मरू शकतो असे म्हणण्याचे धैर्य हंटरच्या त्या निबंधाने वैद्यकाला दिले.

पुढची हकीकत व्हिएन्नाची आहे. १८४७ मध्ये तेथील अध्यापक याकोब कोलेत्श्का शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला जखम होऊन वारला. त्याच्या शवात शिरांचा दाह आढळला, आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या शवांत जे दिसते तेच येथेही दिसते आहे, हे ओळखून त्याचा मित्र सेमेलवाइस याने डॉक्टरांना हात धुण्याची सक्ती केली. त्या सक्तीबद्दल त्याची जी अवहेलना झाली ती कथा सर्वश्रुत आहे. नंतर बर्लिनच्या फिरखो या विकृतिशास्त्रज्ञाने रक्त शिरेत का गोठते याची मीमांसा केली. तिचे सार असे, की प्रवाह मंदावला, भिंत दुखावली किंवा रक्ताचाच गुण पालटला, तर गाठ जमते. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला खजाना विहिरीचे उदाहरण पुरे आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबतखानाने बांधविलेल्या त्या विहिरीचे पाणी भुयारी पाटाने शेतांकडे जाते. पाटाच्या भिंतीचा एखादा चिरा निखळला, की पाणी तिथे अडखळते, अडखळले की गाळ धरते, आणि गाळाने पाट आणखी अरुंद होतो. शिरेत सुईने ओरखडा काढला म्हणजे असाच गाळ धरतो.

शिरेतून काढण्याचा काळ संपून तिच्यात घालण्याचा काळ सुरू झाला तो पटकीमुळे. १८१७ साली बंगालात उसळलेली महामारी देशोदेशी पसरत १८३१ मध्ये इंग्लंडात पोहोचली, आणि आपल्या खेड्यांतून मरीआईचे गाडे वेशीबाहेर ओढले जात असताना तिकडे ओशॉनेसी नावाच्या एका तरुण डॉक्टराने पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासून, त्यातले पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, तेव्हा ते परत घातले पाहिजेत, असा निष्कर्ष काढला. तो १८३२ च्या मे महिन्यात एडिंबराजवळच्या लीथ येथील टॉमस लाटा याने अमलात आणला. त्याने नळी घातली ती बॅसिलिक शिरेत, म्हणजे हकिमांच्या बासलिकात. पहिली रुग्ण म्हातारी होती. पाणी जाऊ लागताच तिचे खोल गेलेले डोळे उजळले, नाडी लागली, ती बोलू लागली, आणि डॉक्टर निर्धास्त होऊन निघून गेल्यावर काही तासांत पुन्हा जुलाब होऊन वारली. लाटाही पुढल्याच वर्षी निवर्तला. ओशॉनेसी हिंदुस्थानात आला आणि त्याने या देशात तारायंत्राचे जाळे उभारले. मीठपाण्याच्या नळीची कल्पना काढणाऱ्याने पुढे तारा ओढाव्यात, हा योग मोठा मौजेचा आहे. कलकत्त्याच्या लेनर्ड रॉजर्सने १९०८ च्या सुमारास तीव्र मीठपाणी शिरेतून देऊन पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले, तोवर ही पद्धत अडगळीतच पडून होती.

अडगळीत पडण्याचे कारण पाण्यात तितकेच सुईतही होते. निर्जंतुक पाणी नव्हते, निर्जंतुक नळी नव्हती, आणि जी शीर उघडावी ती बहुधा कायमची कामातून जाई. विसाव्या शतकातही पुष्कळ वर्षे घोट्यापाशी कातडी चिरून, शीर दोऱ्याने बांधून, तिच्यात नळी सरकविण्याचा कट-डाउन हाच गंभीर रुग्णाचा आधार होता, आणि नंतर पाय सुजला तर तो सुजणारच असे धरून चालत. शिराशोथाची वेगळी नोंद ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही याचे कारण हे, की शीर तेव्हा वाचविण्याची वस्तूच नव्हती. १९५० मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डेव्हिड मासा या भूलशास्त्रज्ञाने सुईवर चढविलेली प्लास्टिकची नळी तयार केली. सुई काढून घ्यायची आणि मऊ नळी शिरेत ठेवायची. येथून पुढे शीर कित्येक दिवस वापरता येऊ लागली, आणि जी वस्तू कित्येक दिवस वापरायची तिचे हालहवाल विचारावे लागतात.

बीडमध्ये हा काळ आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही सावकाश. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी अंमल संपला, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबईत आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७२ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळून निघाल्यानंतर, १९७४ मध्ये, अंबाजोगाईस ग्रामीण भागासाठी म्हणून जे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, आणि आशिया खंडातील या प्रकारचे पहिले म्हणून ज्याचा आजही अभिमानाने उल्लेख होतो, त्याला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. याच गावच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात त्यांनी लढ्यापूर्वी अध्यापन केले होते. त्या दशकातल्या सरकारी दवाखान्यांचे चित्र अनेकांच्या स्मरणात असेल: काचेची जड बाटली, तांबडी रबरी नळी, उकळत्या पाण्याच्या डब्यात खडखडणाऱ्या काचेच्या पिचकाऱ्या, आणि बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा वापरात येणाऱ्या पोलादी सुया. अशा सुईने शीर फाटली नाही तरच नवल.

तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, बाटलीचे माहात्म्य वाढत गेले. ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ ही मागणी या जिल्ह्यातल्या प्रत्येक खाजगी डॉक्टरने ऐकलेली आहे, आणि तिच्यामागे नुसते अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ज्याला दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचे आहे, आणि फडात एक दिवस गैरहजर राहिले तर ज्याच्या नावावर खाडा पडणार आहे, त्या कुटुंबातल्या माणसाला आजारी राहणे परवडत नाही. गोळीने तीन दिवसांनी बरे वाटेल हे उत्तर त्याच्या हिशेबात बसत नाही. बाटली संपेतो आडवे पडावे आणि उठून कोयता हाती घ्यावा, हे बसते. डॉक्टरलाही ते सोयीचे असते, हे सांगितले नाही तर लपवाछपवी होईल. जे पाणी तोंडाने पोटात गेले असते ते शिरेतून गेले, यात रुग्णाचे पैसे जातात हे सर्वांना दिसते; त्या प्रत्येक बाटलीसाठी एक शीर खर्ची पडते, हे कोणी मोजत नाही.

शीर का सुजते, याची कारणे आज तीन प्रकारची सांगतात. पहिले यांत्रिक: नळी शिरेच्या मानाने जाड असणे, ती मनगटावर किंवा कोपराच्या घडीत बसविल्यामुळे हात हलला की आतून घासणे, चिकटपट्टी सैल होऊन ती मागेपुढे सरकणे. हकिमाच्या आवडीची कोपराची शीर ठळक आणि सोपी, म्हणून घाईच्या वेळी सर्वांचा हात तिकडेच जातो. पण एकदा रक्त काढून मोकळे व्हायचे तर ती उत्तम आणि तीन दिवस नळी ठेवायची तर ती वाईट, त्यापेक्षा मनगट आणि कोपर यांच्या मधली सपाट जागा बरी. दुसरे कारण रासायनिक. साधे मीठपाणी रक्ताशी मिळतेजुळते असते, पण पोटॅशियम, तीव्र साखरपाणी, व्हॅन्कोमायसिनसारखी काही प्रतिजैविके, ही शिरेच्या नाजूक अस्तराला चटका देतात, आणि घाईने सोडली तर अधिकच. तिसरे कारण जंतू, जे बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे किंवा सुई लावणाराच्या बोटांवरचे असतात. हे तिन्ही एकमेकांना हात देतात. नळी घासून भिंत सोलवटते, औषध त्या सोलवटलेल्या जागी झोंबते, आणि जंतूंना घर सापडते.

या दुखण्याची पायरी ठरविण्याचे जे कोष्टक आज जगभर वापरात आहे, ते इंग्लंडातील रॉदरहॅम येथील अँड्र्यू जॅक्सन या परिचारकाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. शून्य म्हणजे निरोगी जागा. एक म्हणजे किंचित दुखणे किंवा किंचित लाली, तेव्हा लक्ष ठेवावे. दुखणे, लाली आणि सूज यांपैकी कोणतीही दोन आली की दोन, आणि तेथे नळी काढलीच पाहिजे. त्यापुढे शीर दोरीसारखी कडक होणे आणि सर्वांत शेवटी ताप येणे. कोष्टक साधे आहे, शहाणपणाचे आहे. पण ते डोळ्यांसाठी केलेले आहे, आणि ज्या कातडीवर ते बेतले ती गोरी होती. उन्हात रापलेल्या, सावळ्या, कोयत्याने घट्टे पडलेल्या हातावर लाली दिसत नाही. दिसू लागते तोवर तिसरी पायरी ओलांडलेली असते. म्हणून येथल्या जुन्या परिचारिका पाहण्याआधी चाचपतात. हाताच्या पाठीमागच्या बाजूने शिरेची वाट आणि तिच्या शेजारची कातडी आलटून पालटून स्पर्शायची, ऊन लागते का पाहायचे, मग दोन बोटांनी हलके दाबत वर जायचे आणि रुग्णाच्या हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहायचे. सूज थंड लागली तर नळीतून पाणी बाहेर गेले. गरम लागली तर शीर पेटली. सुश्रुताचा शिष्य, फस्द करणारा हकीम आणि रात्रपाळीची सिस्टर यांच्यात एवढे एक ज्ञान अखंड चालत आलेले आहे, आणि ते बोटांच्या टोकांत आहे.

उपचार म्हणाल तर पहिला आणि सर्वांत मोठा एकच, नळी काढणे. हे सोपे वाटते, पण दुसरी शीर सापडेल की नाही या भीतीने ‘एवढा एक डोस जाऊ द्या’ असे म्हणत दुखावलेल्या शिरेतच औषध ढकलले जाते, आणि तासाभराचा मोह आठवड्याचे दुखणे होतो. माझ्या एका आप्ताचा हात असाच एका दवाखान्यात कोपरापर्यंत सुजलेला मी पाहिला आहे. त्या माउलीने तक्रार केली नव्हती, कारण सिस्टरला आणखी त्रास कशाला, असे तिला वाटले. नळी काढल्यावर हात उशीवर उंच ठेवायचा, शेक द्यायचा, वेदनाशामक मलम किंवा हेपॅरिनच्या जातीचे मलम हलक्या हाताने लावायचे. आपल्याकडच्या कक्षांत मॅगसल्फ आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेली घडी सुजेवर ठेवण्याचा प्रघात जुना आहे. पू किंवा ताप असेल तर रक्ताची तपासणी आणि प्रतिजैविके, आणि नवी नळी लागलीच तर ती दुसऱ्या हाताला.

पुष्कळ वर्षे नियम असा होता, की दुखो वा न दुखो, ७२ ते ९६ तासांनी नळी बदलायची. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ३ रुग्णालयांतील ३,२८३ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ठरावीक तासांनी बदललेल्या व गरजेनुसारच बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिराशोथाचे प्रमाण सारखेच, म्हणजे शंभरात ७, निघाले. तेव्हा घड्याळाकडे पाहून बदलू नका, हाताकडे पाहून बदला, असा नवा पाठ आला. तो योग्यच आहे; पण एक अट त्यात गृहीत आहे, की हाताकडे पाहणारे कोणीतरी असावे. एका परिचारिकेच्या अंगावर सबंध कक्ष असेल, तर निदान घड्याळाचा नियम तिला आठवण तरी करून देत असे.

आणि ज्या उपायाने शिराशोथ समूळ टळतो तो आपल्याच देशात, निकडीतून, सिद्ध झाला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातांनी रुग्णांना पाजविले, आणि जे मृत्युप्रमाण शंभरात ३० च्या घरात होते ते ४ च्याही खाली आले. त्या पाण्याला मराठीत जलसंजीवनी हे नाव मिळाले. वैजनाथाच्या कथेतल्या अमृताशी त्याचे नाते लावण्याचा मोह होतो खरा, पण दवाखान्याच्या दारात जलसंजीवनीची पुडी देऊ केलेल्या माणसाचा पडलेला चेहरा आठवला की तो आवरतो. पुडी म्हणजे टाळाटाळ आणि बाटली म्हणजे उपचार, ही समजूत अजून गेलेली नाही.

दासोपंतांनी पासोडीवर लिहिले ते अंबाजोगाईत आजही जपून ठेवलेले आहे. नीट चालणाऱ्या कक्षात सिस्टरसुद्धा कापडावर लिहिते: नळी बसविल्याबरोबर पांढऱ्या पट्टीवर पेनाने तारीख, वेळ आणि आपल्या नावाचे आद्याक्षर. ही पट्टी रुग्णाला रजा मिळाली की फाडून टाकली जाते, आणि तिच्याबरोबर त्या शिरेची नोंदही संपते. परंतु शिराशोथ पुष्कळदा नळी काढल्यानंतर दिसू लागतो, एक दिवसाने, दोन दिवसांनी. तोवर रुग्ण एस.टी. धरून धारूरला किंवा केजला गेलेला असतो, किंवा टोळीच्या ट्रकमध्ये बसून घाटाखालच्या साखर कारखान्याच्या वाटेला लागलेला असतो. रुग्णालयाच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘बरा होऊन घरी गेला’ असे असते. तिकडे कोयत्याची मूठ आवळताना मनगटापासून वर एक कळ जाते, आणि रात्री, उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या कोपीबाहेर, त्याची बायको चुलीच्या निखाऱ्यांवर एरंडाचे पान शेकून त्याच्या हातावर बांधते.